मावशीची ७५ ची गोळी

मावशीने परवा शेजारच्या काकूंना आपल्या स्ट्रिपमधल्या प्रीगॅबॅलिनच्या, म्हणजे नसेच्या दुखण्यावरच्या, चार कॅप्सूल कात्रीने कापून दिल्या, कॅलेंडरच्या जुन्या पानात गुंडाळून, आणि वर सांगितलं, "रात्री जेवण झालं की एक घ्या हो वहिनी, मला तर याच गोळीने झोप लागायला लागली." मी समोरच भाजी निवडत बसले होते. काकूंनी ती पुडी दोन्ही हातात घेतली. त्यांना बरीच वर्षं शुगर आहे, तळपाय रात्रभर आग आग करतात, ओल्या फरशीवर पाय टेकवून बसतात बिचाऱ्या, आणि मागच्या वेळी डॉक्टर किडनीचं पण काहीतरी म्हणाले असं त्यांनी त्याच दुपारी सांगितलं होतं. मी म्हटलं, काकू, आत्ता नका घेऊ, आधी तुमचे रिपोर्ट दाखवून विचारा. त्यांनी काही न बोलता पुडी टीपॉयवर ठेवली, मावशी माझ्याकडे बघेना, आणि विषय गौरीच्या साड्यांवर गेला.

मला ते लागून राहिलंय. गोळी दिली नाही गेली याचं काही नाही, ती तशी द्यायचीच नव्हती. स्ट्रिप कापली तेव्हा नाव, पॉवर, एक्सपायरी सगळं मावशीकडच्या तुकड्यावर राहिलं होतं, काकूंच्या हातात नुसत्या चार कॅप्सूल. पण त्या दोघी त्याआधी अर्धा तास ज्या पद्धतीने बोलत होत्या ना, "तुम्हाला पण चादर लागलेली सहन होत नाही का?" "नाही हो बाई, पाय बाहेर काढूनच झोपते", ते बोलणं मी मावशीच्या तोंडून आजवर कुठल्या डॉक्टरसमोर ऐकलेलं नाही. तिथे ती बहुतेक वेळा "बरं आहे आता" एवढंच म्हणते.

आणि ही गोळी अशी आहे की न बोलणाऱ्या माणसाला ती झेपतच नाही.

मावशीला नागीण झाली त्या वर्षी आम्ही सगळे घाबरलो होतो, पण चुकीच्या गोष्टीला. उजव्या छातीखालून पाठीकडे पट्टा उठला, लालबुंद पुरळ, त्यावर पाणी भरलेले फोड. गल्लीतल्या बायका येऊन सांगायच्या की विळखा पूर्ण होऊ देऊ नका, विळखा पूर्ण झाला की माणूस जातं. कुणी गेरू लावला, कुणी अमक्या गावच्या माणसाकडून मंतरून आणायला सांगितलं. मावशी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई, तिचा विश्वास नव्हता, पण नको म्हणायला अंगात त्राण नव्हतं. खरं तर लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो आणि वय झालं, ताकद कमी झाली की त्या एका नसेच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून पट्टा एकाच बाजूला असतो आणि मध्यावर थांबतो. त्यावरच्या विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. मावशीचे ते तास गेरूत गेले. फोड वाळले, खपल्या पडल्या, त्वचेवर फिकट डाग राहिले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

दुखणं राहिलं.

हे जे मागे राहणारं दुखणं असतं त्याला लोक नावच देत नाहीत, कारण बघायला काहीच नसतं. मावशी ब्लाऊज घालू शकत नव्हती. पंख्याचा वारा त्या पट्ट्यावर आला तरी दचकायची, मऊ सुती कापड टेकलं तरी मिरची वाटलेला हात लागल्यासारखं व्हायचं, आणि मध्येच, काही कारण नसताना, आतून एक करंट जायचा आणि ती बोलता बोलता थांबायची. येणारे-जाणारे म्हणायचे, आता तर छान दिसताय! साध्या दुखण्याच्या गोळ्या घेऊन झाल्या, पॅरासिटामॉल झाली, मलमं झाली, काही फरक नाही. तीन महिने उलटून गेले तेव्हा मामेभाऊ तिला मिरजेला घेऊन गेला. सांगलीच्या माणसाचं कसं असतं, काहीही गुंतागुंतीचं झालं की "मिरजेला दाखवूया". तिथल्या न्यूरोच्या डॉक्टरांनी रात्री एक कॅप्सूल लिहून दिली. प्रीगॅबॅलिन ७५ मिलिग्रॅम आणि त्यातच नॉरट्रिप्टिलिन १०.

घरी आल्यावर सूनबाईने मोबाईलवर नाव टाकलं आणि हादरलीच. "अहो आई, ही तर फिटची गोळी आहे! आणि दुसरं औषध डिप्रेशनचं!" झालं, घरात दोन दिवस गोंधळ. मावशीला वाटलं डॉक्टरांनी आपल्याला वेडगळ समजून दिली. तिने मला फोन करून अगदी हळू आवाजात विचारलं, "मला डोक्याचं काही झालंय असं त्यांना वाटलं का गं?" मला वाटतं हे एक वाक्य, "ही मुळात फिटच्या गटातली आहे पण तुम्हाला नसेच्या दुखण्यासाठी देतोय", चिठ्ठी हातात देताना बोललं तर किती घरांतली भीती वाचेल. या घराण्यातलं आधीचं औषध गॅबापेंटिन, ते अमेरिकेत १९९३ मध्ये फिटसाठीच मंजूर झालं होतं, आणि नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी २००२ मध्ये. प्रीगॅबॅलिन २००४ च्या अखेरीस आलं ते मात्र थेट नसेच्या दुखण्यासाठीच मंजुरी घेऊन आलं, मधुमेहाच्या आणि नागिणीनंतरच्या. बिघडलेली नस कारण नसताना निरोप पाठवत राहते, एकातून दुसऱ्या पेशीकडे. त्या पेशींमध्ये कॅल्शियम आत सोडणारी जी दारं असतात त्यांच्या एका भागाला हे औषध चिकटतं, आणि निरोपाचं रसायन कमी सुटतं. दुखऱ्या जागी जाऊन सूज बिज उतरवण्याचं हे कामच नाही. म्हणून दुखलं की घेतली, नाही दुखलं तर नाही घेतली, असं याच्याशी चालत नाही, रोज ठरल्या वेळी घ्यायची, आणि पूर्ण फरक कळायला काही आठवडे सुद्धा लागतात. एखादी राहिली आणि पुढचीची वेळ झाली असेल तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

मावशीला पहिल्या आठवड्यात नुसती गुंगी आली. तोंडाला कोरड, सकाळी उठल्यावर जड जड. पण ती झोपली. कितीतरी दिवसांनी रात्रभर झोपली, आणि झोपलेलं माणूस दुसऱ्या दिवशी दुखणं जरा तरी पेलतं. मग हळूहळू ती ब्लाऊज घालायला लागली, उलटा, म्हणजे शिवण बाहेरून, पण घालायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचा तो कायम ताणलेला भाव गेला हे मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे ही गोळी वाईट असं कुणी सरसकट म्हणालं की मला राग येतो. आणि ही गोळी एकदम सेफ आहे हो, असं कुणी म्हणालं तरी येतो.

कारण त्याच पावसाळ्यात तिची कंबर धरली. ती जवळच्याच हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विचारलं, आधीच्या काही गोळ्या? ती म्हणाली, बीपीची एक, आणि एक झोपेची. झोपेची! तिच्या लेखी ती झोपेचीच होती, रात्री घ्यायची आणि झोप लागायची. त्यांनी कंबरेसाठी "नसांची ताकद वाढवायची" म्हणून एक गोळी दिली, सकाळी नाश्त्यानंतर. वेगळी कंपनी, वेगळं नाव, वेगळा रंग. आणि तिच्यात मिथाइलकोबालामिन होतं, म्हणजे बी-१२, आणि प्रीगॅबॅलिन ७५. म्हणजे सकाळी तेच, रात्री तेच, दोन डॉक्टरांकडून, दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही. बी-१२ चं नाव वर मोठं आणि हे खाली बारीक, आपल्याकडे ही जोडी इतकी सर्रास मिळते की घरात सगळे तिला व्हिटॅमिनची गोळी म्हणायला लागले. आठवडाभरात मावशी चालताना भिंत धरायला लागली. डोळ्यांसमोर दोन दोन दिसतं म्हणायची. कुणालाच काही वाटलं नाही, वय झालं, कंबर दुखते, चालणारच. एका रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तोल गेला, दाराची कडी हातात आली म्हणून वाचली. त्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय हे आपण सगळ्यांनी कुणा ना कुणाच्या घरी पाहिलेलंच आहे.

हे उघडकीला आणलं ते कुणी मोठ्या डॉक्टरने नाही, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या मुलाने. मामेभाऊ दोन्ही स्ट्रिपा एकदम घेऊन गेला होता आणि त्या मुलाने दोन्ही उलट्या करून मागचं बारीक वाचलं आणि म्हणाला, काका, यात पण तेच आहे, डॉक्टरांना विचारून घ्या. मला त्या मुलाबद्दल खूप कौतुक आहे. कारण बाकी दुकानात मी काय बघते, तर जुनी रिकामी स्ट्रिप दाखवली की दुसरी मिळते, पट्टीवर चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असूनही, आणि ती वेगळ्या ब्रँडची मिळाली तर "तेच आहे, कंटेंट सेम" म्हणून पुढे सरकवतात. कंटेंट कधी सेम असतं, कधी त्यात नॉरट्रिप्टिलिन जास्तीचं असतं. आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या, काचबिंदू असलेल्या किंवा हृदयाचे ठोके बिघडलेल्या माणसाला ते "जास्तीचं" चांगलंच महागात पडू शकतं.

मग दोन्ही चिठ्ठ्या घेऊन परत मिरज. या वेळी मी बरोबर गेले. डॉक्टरांनी फाईलमधला क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम बघायच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट काढला. १.१. लॅबने शेजारी नॉर्मलची रेंज छापलेली, त्यात बसतंय, म्हणून घरात कुणी त्याकडे परत बघितलंच नव्हतं. त्यांनी पेन घेतलं आणि आमच्यासमोर कागदावर किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते त्याचा अंदाजे हिशोब मांडला, १४० मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि बाई असेल तर त्याला ०.८५ ने गुणायचं. मावशीचं वय ७२, वजन ४८. उत्तर आलं ३५. मग त्यांनी तोच १.१ आकडा तिशीतल्या सत्तर किलोच्या माणसाला लावून दाखवला, तर ९७. रिपोर्टवरचा आकडा एकच, आणि किडनीचं काम जवळजवळ तिपटीने कमी-जास्त! प्रीगॅबॅलिन लिव्हरमध्ये फारसं मोडत नाही, ९० टक्क्यांहून जास्त आहे तसं लघवीवाटेच बाहेर जातं, त्यामुळे किडनी हळू चालत असेल तर आजच्या गोळीवर उद्याची गोळी साठत जाते. हा हिशोब ६० च्या खाली आला की डोस साधारण निम्मा, ३० च्या खाली गेला की आणखी कमी. मला काकूंची पुडी बघून जे धस्स झालं ते या कागदामुळे. काकूंचे पाय आधीच सुजतात, या गोळीने पायावर सूज येऊ शकते, शुगरच्या पायोग्लिटाझोनने पण येते, बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने पण येते, आणि त्या यातलं काय काय घेतात हे मावशीला माहीत असण्याचं कारणच नाही.

त्याच भेटीत डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल या अफूच्या जातीच्या दुखण्याच्या गोळीबद्दल विचारलं, कंबरेसाठी कुणी दिलीय का. खोकल्याचं औषध? झोपेची गोळी? सर्दीची? अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने २०१९ च्या डिसेंबरात इशाराच काढला होता की या गटातली औषधं अफूच्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्यांबरोबर किंवा गुंगी आणणाऱ्या औषधांबरोबर घेतली तर श्वास मंदावू शकतो, म्हाताऱ्या माणसांना आणि दम्या-फुफ्फुसाचा त्रास असलेल्यांना जास्त धोका. दारूचं तर सांगायलाच नको. मावशी हे सगळं ऐकत होती, आणि मग तिने पहिल्यांदा, मी शेजारी बसलेली असताना, सांगितलं की मामेभावाच्या ड्रॉवरमधली अल्प्राझोलम, गुंगी आणणारी झोपेची गोळी, तिने मधूनमधून अर्धी घेतलीय. "एवढंसं काय सांगायचं म्हणून सांगितलं नव्हतं." डॉक्टर रागावले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी फक्त ते लिहून घेतलं. रागावले असते तर पुढचं तिने कधीच सांगितलं नसतं.

गोळी बंद करण्याची पण एक गोष्ट आहे. गणपतीत पाहुणे आले, त्यातल्या एका आत्याबाईंनी स्ट्रिप पाहिली आणि म्हणाल्या, अगं याची सवय लागते, बंद कर बघू, किती दिवस विष खायचं. मावशीने दुसऱ्या दिवसापासून बंद केली, कुणाला न सांगता. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, घाम, मळमळ, छातीत धडधड, आणि दुखणं दामदुपटीने परत. आणि सगळं घर म्हणालं, बघा, लागलीच ना सवय! आता यात अवघड असं आहे की आत्याबाई पूर्ण चुकीच्या नव्हत्या. काही लोक हे औषध नशेसाठी घेतात, ब्रिटनने तर २०१९ च्या एप्रिलपासून प्रीगॅबॅलिन आणि गॅबापेंटिन दोन्ही औषधं नियंत्रित यादीत टाकली. पण नशेसाठी जास्त जास्त घ्यावंसं वाटणं वेगळं आणि शरीराला एका डोसची बैठक पडलेली असताना तो अचानक काढून घेतल्यावर शरीराने आरडाओरडा करणं वेगळं. दुसरं मावशीचं झालं होतं. ज्यांना फिटचा त्रास आहे त्यांना तर अशी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. ही गोळी थांबवायची असेल तर किमान आठवडाभर, खूप महिने घेतली असेल तर त्याहून सावकाश, डॉक्टर सांगतील तशी पायरीपायरीने कमी करतात. आपल्याकडे औषध सुरू करायला चिठ्ठी लागते आणि बंद करायला कुणीही पुरतं, हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. तसंच मूड एकदम पडला, नको नको ते विचार यायला लागले तर तेही लगेच सांगायचं, फिटच्या सगळ्या औषधांवर ती सूचना २००८ पासून आहे. मावशीला तसं काही झालं नाही. पण हे विचारायला लागतं, आणि आपल्या घरात म्हाताऱ्या माणसाला "मनात काही येतं का गं वाईट" असं कोण विचारतं.

आता मावशीकडे एक फुलस्केप कागद आहे, तिच्याच शाळेतल्या अक्षरात, वळणदार. सगळ्या गोळ्यांची दुकानातली नावं आणि त्यांच्या खाली आतलं औषध, कोणी दिली, कधी सुरू केली, क्रिएटिनिन आणि त्याची तारीख. कुठल्याही डॉक्टरकडे गेली की आधी तो कागद टेबलावर ठेवते, "झोपेची एक" असं म्हणत नाही. तो कागद करायला बसलो तेव्हा तिने स्वतःहून विचारलं की मला या नागिणीची लस मिळाली असती का. आपल्याकडे २०२३ पासून मिळते, पन्नाशीपुढच्यांना, दोन डोस, आणि किंमत अशी की शिक्षिकेच्या पेन्शनमधून दहादा विचार करावा. मी आईला दिली. देताना मला मावशीकडे बघवेना.

मागच्या महिन्यात मिरजेला फॉलोअप होता. सकाळची गोळी हाडांच्या डॉक्टरांशी बोलून तेव्हाच बंद झाली होती, साधी बी-१२ ची तेवढी ठेवली. पण नंतर थंडीत दुखणं वाढलं म्हणून न्यूरोच्या डॉक्टरांनीच सकाळची २५ ची जोडली होती, आणि त्यावर तिचं बरं चाललं होतं असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी तिला विचारलं, आजी, शून्यापासून दहापर्यंत किती दुखतं? ती म्हणाली तीन. मी खूश. मग त्यांनी विचारलं, आणि दिवसभर करता काय? मावशी जरा थांबली आणि म्हणाली, "पेपर वाचायचा राहतो. अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदाला आले की पहिला आठवत नाही. शब्दकोडं तर सोडूनच दिलंय." मला हे माहीत नव्हतं. मामेभावाला माहीत नव्हतं. रोज पेपर तिच्या मांडीवर असतो, आम्हाला वाटायचं वाचतेय.

डॉक्टर म्हणाले, सकाळची काढून बघता येईल, पण दुखणं तीनावरून पाचावर जाईल कदाचित. मी लगेच म्हटलं, नको, दुखायला नको तिला परत, मी ते दिवस पाहिलेत. मावशीने माझ्या हातावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाली, पाच चालेल मला. रात्रीची ठेवा, सकाळची काढा, जशी काढायची तशी हळूहळू काढा, आणि लिहून द्या, म्हणजे घरात कुणी वाद घालणार नाही. त्यांनी लिहून दिलं. परतीच्या गाडीत मी तिच्याशी घर येईपर्यंत वाद घातला, पाच म्हणजे किती ते तुला आठवतंय ना, ब्लाऊज परत उलटा घालावा लागेल. तिला आठवत होतं. ती म्हणाली, घालीन की.